बालिंगितांचा मूळ पुरुष

दुसऱ्याच्या वंशावळीत डोकं घालू नये, असं कुठल्याही शास्त्रात सांगितलेलं नाही. सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर मी, पद्माकर लिमये, एका सुप्रसिद्ध सर्जनला त्याच्या बायकोमुलांसमोर ब्रह्मचारी ठरवला नसता, आणि ईस्ट कोस्ट पार्कच्या गवतावर पाय वर करून झोपायची वेळही माझ्यावर आली नसती.

मुळात दोष माझ्या सासूबाईंचा. दमयंतीबाई पुण्याहून सिंगापूरला आल्या की बेडोकच्या आमच्या फ्लॅटमध्ये पहिल्या दिवशी विश्रांती घेतात आणि दुसऱ्या दिवशी कॉरिडॉरमधल्या सगळ्या शेजाऱ्यांना आमच्याबद्दल जे सांगू नये ते सांगतात. त्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, त्यांचा पाय मुरगळला. समोरच्या फ्लॅटमधली मारिविक ही फिलिपिनो नर्स ड्युटीवरून येऊन रोज त्यांचा पाय बांधून द्यायची. उपकाराची फेड म्हणून सासूबाईंनी तिला आमचा लिमये कुलवृत्तांत दाखवला. त्याच्या संपादक मंडळात माझं नाव आहे. शेवटून तिसरं आहे, पण आहे.

"हे सगळं जावईबापूंनी केलं," सासूबाई हिंदी-इंग्रजीत म्हणाल्या. मी विनयानं नाही म्हणालो नाही.

मारिविक मोठ्या डोळ्यांनी पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "कुया पद्मा, आमची वंशावळ कराल?"

कुया म्हणजे दादा. पद्मा हे बाईचं नाव आहे हे तिला सांगायचं मी तीन वर्षं ठरवत होतो, पण सासूबाईंचा पाय तिच्या हातात असताना ते बरं दिसलं नसतं.

तिची अडचण खरी होती. तिची आजी, जिला त्यांच्याकडे लोला म्हणतात, नव्वद वर्षांची होत होती आणि वाढदिवस सिंगापुरात करायचं ठरलं होतं. घराणं सगळं वैद्यकीय. सर्जन, दंतवैद्य, हृदयरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट; त्या घरात मूल जन्मलं की रडण्याआधी स्वतःची नाडी बघत असावं. समारंभाची सगळी जबाबदारी मारिविकवर होती आणि तिला भीती होती ती एकाच माणसाची. मनिलाचे डॉक्टर रामोन, तिचे थोरले मामा.

"घरात सगळे डॉक्टर आणि मी नर्स," ती म्हणाली. "मामा पाहुण्यांना सगळ्यांची ओळख करून देतात ना, माझ्यापाशी आले की घड्याळ बघतात. एकदा तरी त्यांनी म्हणावं, मारिविकनं हे काम नीट केलं."

पाया लेबारच्या ऑफिसात माझा डायरेक्टर मला बघून फोन बघतो. मी तिथल्या तिथे शब्द दिला. माझी बायको अरुणा आतून भांडी जरा मोठ्यानं ठेवू लागली. आमच्या घरात नापसंतीचा ठराव असाच मांडला जातो.

"लष्कराच्या भाकऱ्या," ती रात्री म्हणाली. "आणि लष्करही परदेशी."

डॉक्टर रामोन यांनी ईमेलनं यादी पाठवली. मजकूर सर्जनला शोभेल असा. "सोबत कुटुंबीयांची पूर्ण नावं, जन्मवर्षं आणि पदव्या. नाती उघडच आहेत. जावयांना घेतलेलं नाही, ते आपापली वंशावळ बघतील. आमच्या घराण्यात वैद्यकी ज्याच्यापासून आली तो पुरुष सर्वांत वर, ठळक अक्षरांत असावा."

मी यादी उघडली आणि मला गहिवरून आलं. सगळी नावं तीन तीन शब्दांची! स्वतःचं, मधलं आणि आडनाव. गेल्या कित्येक वर्षांत या देशात माझं नाव फॉर्मच्या चौकटीत नीट बसलेलं नाही, आणि इथे एक आख्खं घराणं सदाशिव पेठेत राहिल्यासारखं नाव लावत होतं. लोलाचं नाव कोन्सोलासियोन मागतिबाय बालिंगित. तिच्या मुलाचं रामोन मागतिबाय बालिंगित. आता माझी आई स्मिता उद्धव लिमये आणि मी पद्माकर उद्धव लिमये. मग यात न कळण्यासारखं काय आहे? आडनाव बालिंगित. लोलाच्या नवऱ्याचं, म्हणजे रामोनच्या वडलांचं नाव मागतिबाय. मूळ पुरुष पहिल्या अर्ध्या तासातच सापडला. मी एक्सेलमध्ये त्याला सर्वांत वर बसवला आणि मनातल्या मनात नमस्कार केला.

पुढेही सगळं चोख जुळत गेलं. लोलाची थोरली मुलगी तेरेसिता बालिंगित ओकाम्पो. तिची मुलगी आमची मारिविक बालिंगित ओकाम्पो. म्हणजे तेरेसिताचा नवरा बालिंगित ओकाम्पो. दुसरी मुलगी लुझ बालिंगित याप. तिचा नवराही बालिंगितच. तिसरी कोराझोन बालिंगित विलारुएल. इथे मी जरा थांबलो. तिन्ही जावयांचं नाव एकच, आणि तेही सासऱ्याचं आडनाव?

तरी त्याहून अवघड गाठ पुढे होती. एस्पेरान्झा कॉर्देरो बालिंगित नावाची एक बाई आणि पाओलो आणि इसाबेल कॉर्देरो बालिंगित ही तिची दोन डॉक्टर मुलं. म्हणजे लोलाला कॉर्देरो नावाचा आणखी एक मुलगा असणार. पण तो यादीत कुठेच नव्हता. आणि ज्यांनी यादी पाठवली त्या डॉक्टर रामोन यांना बायको नव्हती, मुलं नव्हती, काही नव्हतं. बिचारे, मी म्हटलं, म्हणून स्वभाव असा झाला असेल.

विचारावं तरी कसं? वंशावळ करणाऱ्यानं 'हा कोणाचा' असं विचारणं म्हणजे आचाऱ्यानं पंगतीत मीठ मागण्यासारखं. तरी एकदा लिफ्टपाशी मी मारिविकला गाठलंच. ती ड्युटीवर पळत होती.

"मारिविक, हे कॉर्देरो..."

"कॉर्देरो? फार श्रीमंत!" ती लिफ्टमध्ये शिरत म्हणाली. "एस्पेरान्झा मामीचे ना? चांगले लोक आहेत. आमच्या मामाचं त्यांच्याशी फारसं पटत नाही."

"आणि तुझे वडील बालिंगितच ना?"

"आमच्याकडे सगळे बालिंगितच, कुया!" ती हसली आणि लिफ्टचं दार बंद झालं.

यापेक्षा स्वच्छ पुरावा कोर्टातही मिळत नाही.

उरलेल्या गाठी सल्लागारांनी सोडवल्या. महाराष्ट्र मंडळातला माझा मित्र शैलेंद्र हा कुठल्याही विषयावर पाच मिनिटांत तज्ज्ञ होतो आणि सहाव्या मिनिटाला निघून जातो. तो पोहे खात म्हणाला, "लिमये, सोपं आहे. कॉर्देरो दत्तक. श्रीमंताघरचा मुलगा दत्तक घेतला, म्हणून थोरल्याचं त्याच्याशी पटत नाही, म्हणून त्यानं यादीतून उडवला. प्रत्येक घराण्यात असतो असा एक." जावयांचा उलगडा सासूबाईंनी पुण्याहून फोनवर केला. "अहो पद्माकरराव, घरजावई असणार! सासऱ्याच्या जिवावर राहायचं तर नाव नको लावायला?" तिघंही? "एक ठेवला की बाकीच्यांना चटक लागते," त्या म्हणाल्या.

ब्लॉकखालच्या कॉफीशॉपात बसणारे म्हातारे मिस्टर को यांनीही हे सगळं ऐकून घेतलं आणि कपात बिस्किट बुडवत विचारलं, "व्हाय यू नेव्हर आस्क द फॅमिली?" काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे चिनी माणसालाही कळतं. मी हसून सोडून दिलं. वंशावळशास्त्रातली गुंतागुंत प्रत्येकाला कळेलच असं नाही.

तरीही मूळ पुरुषाबद्दल कागदोपत्री काहीतरी हवं, म्हणून मी त्यांच्या गावच्या चर्चच्या ऑफिसला अर्ज केला. अर्जात एक रकाना होता, मृताचं नाव. दुसरा होता, अर्जदाराचं नाव. हे रकाने ज्या माणसानं आखले त्याला माणसं डावीकडून वाचतात हे माहीत नसावं. महिन्याभरानं उत्तर आलं. मागतिबाय बालिंगित नावाची नोंद सापडली नव्हती, मात्र कै. पद्माकर लिमये यांच्या आत्म्याला शांती लाभावी म्हणून रविवारी प्रार्थना झाली होती. सोबत मेणबत्तीचं चित्र असलेलं कार्ड होतं.

"डॅडी, यू डेड ऑलरेडी लाह," आमची कन्या भार्गवी ते फ्रिजवर लावत म्हणाली. अरुणा म्हणाली, निदान रविवारी तरी तुम्हाला शांती मिळाली. मला हे लागलं. पण मोठ्या कामात मरण यायचंच.

मग फलक. आपल्याकडे जसे वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात तसे त्यांच्याकडेही लागतात, हे कळल्यावर मला त्या समाजाबद्दल फारच आपुलकी वाटू लागली. छपाईवाल्यानं विचारलं, मूळ पुरुषाचा फोटो? फोटो नव्हता. त्यानं कॉम्प्युटरमधून एक भरघोस मिशांचे गृहस्थ काढून दिले. मी त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप घालायला लावला. खाली इंग्रजीत ठळक अक्षरांत 'मागतिबाय, वैद्यकीय घराण्याचा संस्थापक'. कॉर्देरोपुढे 'दत्तक'. जावयांपुढे घरजावई हे इंग्रजीत कसं लिहायचं हा प्रश्न होता. 'रेसिडेंट सन-इन-लॉ' असं ठरलं. डॉक्टर रामोन यांच्यापुढे मी 'अविवाहित' एवढंच लिहिलं, आणि तेही लहान अक्षरांत. कुणाच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणं माझ्या स्वभावात नाही.

फलक इतका लांब झाला की लिफ्टमध्ये मावेना. टॅक्सीवाल्यांनी नुसती मान हलवली. शेवटी पांढऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली ती सुरळी मी पुढून आणि शैलेंद्रनं मागून खांद्यावर घेतली आणि आम्ही बेडोकहून पार्कपर्यंत चालत निघालो. मागून अरुणा, डोळ्यांना घाम लागतो म्हणून रुमाल लावून. रस्त्यात सायकलवाले उतरून बाजूला झाले. एका चिनी आजींनी थांबून मान लववली. शैलेंद्र हळूच म्हणाला, "लिमये, प्रार्थना झालीच आहे तुझी. आता उगाच वळू नकोस, सरळ चल."

पार्कमध्ये बालिंगित कुळ जमलं होतं. टेबलावर दीर्घायुष्यासाठी नूडल्सचा डोंगर, शेजारी तोंडात सफरचंद धरलेलं भाजलेलं डुक्कर, आणि मधोमध खुर्चीत लोला, फुलाफुलांचा झगा घालून, माझ्या मनगटाएवढीशी. मला बघताच तिथल्या प्रत्येकानं सवयीनं काहीतरी तपासलं. एकानं माझी चाल बघितली, एकीनं हसताना माझी दाढ. इतक्या डॉक्टरांत मी एकटाच पेशंट होतो आणि ते सगळ्यांना कळलं होतं.

डॉक्टर रामोन उंच, पांढऱ्या केसांचे. हात मिळवून म्हणाले, "तर मारिविकनं आणलेला तज्ज्ञ तुम्ही." आणि घड्याळाकडे बघितलं. मारिविक माझ्याकडे बघत होती. देवा, मी म्हटलं, या पोरीसाठी तरी.

झाडाला काही बांधायचं नाही असा पार्कचा नियम निघाला. म्हणून फलकाचं एक टोक मी आणि दुसरं शैलेंद्रनं धरून आम्ही हात उंच करून उभे राहिलो. त्यामुळे झालं असं की फलक सगळ्यांना दिसत होता आणि आम्ही दोघं फलकामागे. आयुष्यातलं माझं सर्वांत मोठं काम लोक वाचत होते आणि मला दिसत होती ती त्याची पांढरी पाठ.

टाळ्या झाल्या. मग टाळ्या थांबल्या. मग कुणीतरी खोकलं.

"कॉर्देरो कोण?" हा डॉक्टर रामोन यांचा आवाज.

"कॉर्देरो माझं माहेर," एका बाईचा आवाज आला. ही एस्पेरान्झा. "पण रामोन, इथे माझ्या नवऱ्याचं नाव कॉर्देरो आहे. आणि तू अविवाहित आहेस."

"दत्तक?" "पाओलो, हे तुझे वडील कोण?" "मी रेसिडेंट?" हा शेवटचा आवाज मारिविकच्या वडलांचा. हाइमे ओकाम्पो, हृदयरोगतज्ज्ञ. त्यांना घरजावई म्हटल्याचा राग नव्हता. इतकी वर्षं प्रॅक्टिस करून शिकाऊ डॉक्टर म्हटल्याचा होता.

मारिविक धावत फलकामागे आली. तिचा चेहरा कागदासारखा झाला होता. "कुया, आमच्यात मधलं नाव वडलांचं नसतं! आईच्या माहेरचं आडनाव असतं. आणि लग्न झालं की बाई स्वतःचं माहेरचं आडनाव मध्ये लावते. मागतिबाय हे लोलाचं माहेर आहे! लोलोचं, आजोबांचं, नाव पेद्रो होतं!"

माझ्या डोळ्यांसमोर संपूर्ण एक्सेल शीट एकदा उभी राहिली आणि आडवी झाली. मीही झालो.

यानंतरचं मी जमिनीवरून सांगतो. इतक्या वैद्यकीय मंडळींना एक पेशंट मिळाल्यावर जे होतं ते झालं. दोघांनी माझे पाय वर धरले, तिघांनी नाड्या, एकीनं तोंड उघडून दाढेकडे निर्देश केला. उन्हामुळे की साखरेमुळे यावर मतभेद झाले. हाइमे ओकाम्पो माझ्या छातीला कान लावून, "ठीक आहे, पण शिकाऊ माणसाचं मत आहे," असं बायकोला ऐकू जाईल इतपत म्हणाले. अरुणानं माझ्या तोंडात लिमलेटची गोळी घातली आणि तेवढ्यानंच मला बरं वाटलं, हे मी तिथे कुणाला सांगितलं नाही.

डॉक्टर रामोन मात्र मारिविककडे वळले होते. "नव्वदाव्या वर्षी आईला दाखवायला हे? एवढं एक काम तुला दिलं होतं. गुंडाळा ते. फेकून द्या."

मारिविक वाकून फलक गोळा करायला लागली आणि मला आयुष्यात इतकी शरम कधी वाटली नव्हती. माझी वंशावळ चुकली तर चुकली. पण ती पोरगी त्या माणसापुढे वाकली होती ती माझ्यामुळे.

"थांब," लोला म्हणाली.

आवाज बारीक होता, पण सगळे डॉक्टर थांबले. तिनं फलक पुन्हा धरायला लावला. या वेळी एक टोक खुद्द डॉक्टर रामोन यांना धरावं लागलं. लोला काठी टेकत आली आणि सर्वांत वरच्या अक्षरांवरून बोट फिरवू लागली. मा-ग-ति-बा-य.

"मामा, ते चुकलंय," रामोन म्हणाले. त्यांच्यात आईला मामा म्हणतात. "तिथे पापांचं नाव हवं."

"तुझे पापा काय करायचे?"

"ते..." डॉक्टर रामोन यांनी माझ्याकडे बघितलं, मग गवताकडे. "बर्फाचा ट्रक चालवायचे."

"फार चांगला माणूस," लोला म्हणाली. "रक्त दिसलं की अगदी असा पडायचा." आणि तिनं काठीनं माझ्याकडे दाखवलं. पोराबाळांत हसू फुटलं. "बाळंतपणं माझी आई करायची. चिखलात, होडीत, मिळेल तिथे. तिच्यामागून मी केली. त्या बाळंतपणांच्या पैशावर तुला शिकवलं, रामोन. तुझ्या दवाखान्याच्या पाटीवर बर्फवाल्याचं आडनाव आहे आणि मागतिबायचं नुसतं एक अक्षर आणि टिंब. मी कधी बोलले नाही. आज या माणसानं ते सगळ्यात वर लिहिलं."

"पण त्यानं चुकून लिहिलंय, मामा!"

"बरोबर लिहायला तुला साठ वर्षं होती," लोला म्हणाली.

कुणीतरी टाळी वाजवली. बहुधा एस्पेरान्झानं. मग लोलानं प्लास्टिकच्या ग्लासांवर नावं घालायचा मार्कर मागितला आणि मूळ पुरुषाच्या दोन्ही कानांत डूल काढले. मिशांना हात लावला नाही. म्हणाली, आईला होत्या थोड्या.

डॉक्टर रामोन अजून फलकाचं टोक धरून उभे होते. तिथूनच ते पाहुण्यांकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "ही माझी भाची, मारिविक. नर्स आहे. हे... हे काम तिनं करवून घेतलं." घड्याळाकडे बघायला त्यांचे हात मोकळे नव्हते हे खरं, पण मला वाटतं, मोकळे असते तरी त्यांनी बघितलं नसतं. मारिविक रडायला लागली आणि तिचे वडील लगेच तिची नाडी बघायला लागले.

मी गुपचूप सटकणार, तेवढ्यात लोलानं मला बोलावलं. फलकाच्या कोपऱ्यात करणाऱ्याची सही हवी होती.

"पद्माकर," तिनं अक्षर लावून लिहिलं. "तुझ्या आईचं आडनाव?"

"लिमये."

"ते तुझ्या बापाचं. आईचं?"

"साठे," मी म्हणालो. तिनं लिहिलं, पद्माकर साठे लिमये. माझे वडील उद्धवराव एका फटक्यात गेले आणि आई मध्ये येऊन बसली. दिसायला परकं दिसत होतं, पण डोळ्यांत पाणी आलं हे खरं.

"आणि तिच्या आईचं?"

मी अरुणाकडे बघितलं. अरुणानं आकाशाकडे. शेपाचशे पानांच्या कुलवृत्तांताच्या संपादक मंडळातला माणूस मी. लोला मार्कर धरून वाट बघत होती. शेवटी तिथूनच पुण्याला सुलेखामावशीला फोन लावला.

"मावशी, आजीचं माहेरचं आडनाव काय गं?"

"कशाला हवंय? पासपोर्टला लागतं का?"

"नाही गं, इथे एका आजीबाईंना हवंय."

पलीकडचा टीव्हीचा आवाज बंद झाला. मला वाटलं, फोन तुटला.

"वैशंपायन," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "हे तिला कधी कुणी विचारलं नाही रे, पदू. तीच सांगायची अधूनमधून. स्वयंपाक करताना."

मी एकेक अक्षर सांगितलं आणि लोलानं एकेक लिहिलं. वैशंपायन लिहायला तिला जागा पुरेना, तेव्हा डॉक्टर रामोन यांनी फलक ताणून धरला. लिहून झाल्यावर तिनं मार्करचं टोपण लावलं नाही.

"आणि तिच्या आईचं?"

मी फोनवर तेच विचारलं. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"त्यांना म्हणावं, थांबा," मावशी म्हणाली. "फोन ठेवू नकोस. आमच्या बेबीआत्याला ठाऊक असेल, तिला उठवते."